बारा वर्षांचा मास्तर आणि हवामानाची वही

१७७८ सालची गोष्ट. इंग्लंडच्या उत्तरेला कंबरलंड परगण्यात ईगल्सफील्ड नावाचं एक खेडं आहे. तिथे एका मुलानं शाळा काढली. शाळा म्हणजे एक जुनं कोठार. मास्तरांचं वय बारा वर्षं. वर्गातली काही मुलं मास्तरांपेक्षा मोठी होती, सतरा वर्षांचीसुद्धा. मास्तर रागावले की ती मोठी मुलं त्यांनाच बाहेर मारामारीला बोलवत, असं सांगतात. मास्तरांचे वडील हातमागावर कापड विणत. मास्तरांचं नाव जॉन डाल्टन.

आपल्या पाठ्यपुस्तकात डाल्टन येतो तो एकदम मोठा होऊन, अणुसिद्धांत हातात घेऊनच. त्याच्या लहानपणाला धड्यात जागा नसते. पण सहावी-सातवीच्या वर्गावर जाणाऱ्या कुणालाही प्रश्न पडेल की बारा वर्षांच्या पोराला शाळा काढावीशी वाटली ते एक वेळ ठीक, पण गावानं ती काढू कशी दिली? आपली मुलं त्याच्या हाती कशी सोपवली? या प्रश्नाचं उत्तर शोधू लागलं की आपण क्वेकर नावाच्या एका छोट्या पंथापाशी आणि त्यांच्या शाळांपाशी येतो. अकरा ते चौदा वर्षांच्या, म्हणजे आपल्याकडच्या पाचवी ते आठवीच्या वयाच्या मुलांना या शाळांनी काय दिलं, ते या लेखात पाहू.

क्वेकर हे खरं तर टोपणनाव. थरथरणारे, असा त्याचा अर्थ. पंथातले लोक स्वतःला 'मित्र' म्हणवतात. सतराव्या शतकाच्या मध्यावर, इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यातली यादवी चालू असतानाच्या काळात जॉर्ज फॉक्स या माणसानं हा पंथ उभा केला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की सत्य कळायला मध्ये पाद्री लागत नाही. प्रत्येकाच्या आत प्रकाश आहे आणि जे स्वतःच्या अनुभवाला आलं तेच खरं मानायचं. म्हणून त्यांच्या प्रार्थनासभेत पाद्री नसतो, मंत्र नसतात, गाणी नसतात. सगळे बाकांवर शांत बसतात. कुणाला काही सांगावंसं वाटलं तर तो उठून सांगतो, मग तो पुरुष असो, बाई असो की पोर असो. ते शपथ घेत नाहीत, कारण शपथेवर खरं बोलायचं म्हटलं की एरवी खोटं चालतं असं मान्य केल्यासारखं होतं. सरदार समोर आला तरी ते टोपी काढत नसत आणि सगळ्यांशी एकेरीत बोलत. लढाईत भाग घ्यायचा नाही, हा तर फार जुना नियम. या हट्टांपायी हजारो क्वेकर तुरुंगात गेले.

तुरुंग बंद झाले तरी विद्यापीठांची दारं उघडली नाहीत. ऑक्सफर्डला प्रवेश घेताना आणि केंब्रिजला पदवी घेताना इंग्लंडच्या अधिकृत चर्चची तत्त्वं मान्य असल्याची कबुली द्यावी लागे. क्वेकर ती देणार नाहीत हे उघडच होतं. ही अट १८५०च्या दशकात सैल झाली आणि १८७१ साली बहुतांशी गेली. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं क्वेकर मुलाला वकील, पाद्री, सरकारी अधिकारी यांतलं काहीच होता येत नव्हतं. मग ग्रीक-लॅटिनची घोकंपट्टी करून उपयोग काय? व्यापार, कारागिरी, औषधं, शेती, मास्तरकी एवढंच मोकळं होतं आणि त्यासाठी हिशोब, मोजमाप आणि वस्तूंची ओळख लागे. फॉक्सनं १६६८ सालीच लंडनजवळ दोन शाळा सुचवल्या होत्या, त्यांतली एक मुलींची. सृष्टीत जे जे उपयोगाचं आहे ते मुलींनी तिथे शिकावं, अशी त्याची कल्पना होती. पेनसिल्व्हेनिया वसवणारा विल्यम पेन हाही क्वेकरच. मुलांना व्याकरणाचे नियम पाठ करायला लावण्यापेक्षा हत्यारं घडवू द्यावीत, चित्रं काढू द्यावीत, बांधकाम करू द्यावं, असं त्यानं १६९३ साली लिहून ठेवलं आहे. तीनशे वर्षांपूर्वीचं हे म्हणणं आज आपल्या प्रशिक्षण वर्गात वाचून दाखवलं तर कुणाला जुनं वाटणार नाही.

आता एक गंमत पाहा. या पंथात नाच, गाणं, नाटक, कादंबऱ्या, पत्ते, गंमत म्हणून केलेली शिकार हे सगळं वर्ज्य होतं. कपडेसुद्धा करड्या-तपकिरी रंगाचे. मग तेरा वर्षांच्या मुलानं मोकळ्या वेळात करायचं काय? फुलं गोळा करायची, किडे पाहायचे, दगड फोडून बघायचे, पाऊस मोजायचा. सृष्टी ही ईश्वराची करणी, तेव्हा ती न्याहाळण्यात पाप नाही. बाकीची सगळी करमणूक बंद असल्यामुळे निसर्गाचं निरीक्षण हीच त्या मुलांची करमणूक झाली. क्वेकर शाळांतल्या विज्ञानाचं श्रेय त्यांच्या थोर शैक्षणिक विचारांना देण्याची पद्धत आहे. मला वाटतं, त्यातलं निम्मं तरी श्रेय या बंद दारांना आणि मनाई केलेल्या गोष्टींना द्यायला हवं.

आता पुन्हा डाल्टनकडे येऊ. गावाजवळच्या पार्डशॉ हॉल इथल्या क्वेकर शाळेत तो शिकला. शाळेबाहेर त्याला भेटले इलायहू रॉबिन्सन. हे गावातले खाऊनपिऊन सुखी गृहस्थ, क्वेकरच. हवामानाची नोंद ठेवण्याचा आणि उपकरणं बनवण्याचा त्यांना नाद होता. ते संध्याकाळी या विणकराच्या पोराला गणित शिकवत. त्यामुळे बाराव्या वर्षी त्यानं शाळा काढली तेव्हा गावाला ते अगदीच विचित्र वाटलं नसावं. ज्या पंथाच्या सभेत पोरही उठून बोलू शकतं, तिथे पोराला जे येतं ते त्यानं शिकवावं हे ओघानं आलंच. अर्थात यात गरिबीचाही भाग होता. मुलानं चार पैसे मिळवणं घराला हवंच होतं.

१७८१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो केंडल या गावी गेला. तिथे त्याच्या एका नातेवाइकाची क्वेकर निवासी शाळा होती आणि थोरला भाऊ जोनाथन आधीच तिथे शिकवत होता. चार वर्षांनी दोघा भावांनी ती शाळाच चालवायला घेतली. बहीण मेरी घर सांभाळायला आली. विद्यार्थी साठेक होते, काही निवासी, काही गावातले. ही शाळा आदर्श होती असं मात्र समजू नका. दोघे भाऊ शिस्तीला कडक, थोरला तर फारच, अशी आठवण मागे राहिली आहे.

केंडलमध्ये डाल्टनला खरा गुरू भेटला, जॉन गॉफ. गॉफ आंधळे होते. अगदी लहानपणी देवी येऊन त्यांची दृष्टी गेली होती. पण परिसरातली जवळजवळ प्रत्येक वनस्पती ते हाताला लागताच, वासानं किंवा जिभेवर ठेवून ओळखत. गणित त्यांच्या डोक्यात चाले. ते डाल्टनला लॅटिन, ग्रीक, फ्रेंच आणि गणित शिकवत, आणि डाल्टन त्यांना वाचून दाखवी, त्यांच्यासाठी लिही. गॉफ स्वतः हवामानाची नोंद ठेवत. त्यांनी डाल्टनला सांगितलं, तूही ठेव.

२४ मार्च १७८७ या दिवशी डाल्टननं वहीत पहिली नोंद केली. त्या रात्री उत्तरेच्या आकाशात ध्रुवप्रकाश दिसला होता. तेव्हापासून तापमान, हवेचा दाब, वारा आणि पाऊस यांची नोंद तो रोज करत राहिला. तापमापक आणि दाबमापक त्यानं स्वतः बनवले. जवळच्या केझिक गावी एक ओळखीचे गृहस्थ होते, त्यांनाही त्यानं उपकरणं दिली. दोघांनी एकाच वेळी घेतलेली मापं ताडून बघायची, अशी व्यवस्था झाली. ही वही सत्तावन्न वर्षं चालली. तीत दोन लाखांहून जास्त निरीक्षणं आहेत. २७ जुलै १८४४ला सकाळी त्याचं निधन झालं, तर आदल्या दिवशीची नोंद वहीत आहे. हात थरथरत होता, पण नोंद आहे.

विद्यार्थ्यांना सांगताना इथे थोडं थांबावं, कारण अणुसिद्धांताची वाट या वहीतूनच जाते. पाऊस मोजणाऱ्याला प्रश्न पडतो की पाण्याची वाफ हवेत असते म्हणजे नेमकी कशी असते? साखर पाण्यात विरघळते तशी ती हवेत विरघळते, असं त्या वेळी बहुतेकांचं मत होतं. डाल्टनच्या आकड्यांवरून त्याला वाटलं की वाफ हा हवेत मिसळलेला एक स्वतंत्र वायू आहे आणि तिचा दाबही स्वतंत्र असतो. यातून १८०१ साली अंशिक दाबाचा नियम आला. मग पुढचा प्रश्न. हवेतले जड आणि हलके वायू थर करून वेगवेगळे का होत नाहीत? आणि निरनिराळे वायू पाण्यात कमीजास्त का विरघळतात? कणांच्या वजनांत फरक असेल म्हणून, असं त्याला वाटलं. १८०३ साली वाचलेल्या आणि १८०५ साली छापलेल्या निबंधाच्या शेवटी त्यानं कणांच्या सापेक्ष वजनांचा एक छोटा तक्ता दिला. त्यातले आकडे आज चूक ठरले आहेत. पण अणूला वजन असतं आणि ते काढता येतं, हे तिथे पहिल्यांदा लिहिलं गेलं. पाठ्यपुस्तकात तो ज्या १८०८ सालच्या ग्रंथाबरोबर येतो, तो यानंतरचा.

त्याच्या डोळ्यांची गोष्टही इथे सांगण्यासारखी आहे. दिवसा निळसर दिसणारं जिरेनियमचं फूल मेणबत्तीच्या उजेडात लाल दिसलं आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला रंग इतरांसारखे दिसत नाहीत. भावाला विचारलं तर त्यालाही तसंच दिसत होतं. १७९४ साली मँचेस्टरच्या साहित्य आणि तत्त्वज्ञान मंडळात त्यानं यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असावा असा त्याचा कयास होता आणि मेल्यावर डोळा उघडून पाहावा असं त्यानं सांगून ठेवलं होतं. पाहिला, तर द्रव स्वच्छ निघाला. कयास चुकला. पण डोळे जपून ठेवले गेले आणि १९९५ साली त्यातल्या डीएनएची तपासणी झाली तेव्हा हिरव्या रंगाला प्रतिसाद देणाऱ्या रंगद्रव्याचं जनुक त्यात नाही असं दिसून आलं. स्वतःची उणीव चार लोकांत उभं राहून जशीच्या तशी सांगायची सवय आणि क्वेकरांचा खरं बोलण्याचा हट्ट यांचं नातं मला तरी दिसतं. ज्या ऑक्सफर्डमध्ये त्याला विद्यार्थी म्हणून पाऊल टाकता आलं नसतं, त्याच ऑक्सफर्डनं १८३२ साली त्याला सन्माननीय पदवी दिली. पदवीचा झगा लालभडक होता. क्वेकरानं असा रंग वापरायचा नसतो, पण डाल्टनला तो लाल दिसतच नव्हता!

याच काळात पंथाची मोठी शाळा उभी राहिली होती. लंडनमधले डॉक्टर जॉन फॉदरगिल यांनी पुढाकार घेऊन १७७९ साली यॉर्कशायरमधल्या अ‍ॅकवर्थला अनाथालयाची रिकामी इमारत घेतली आणि बेताच्या परिस्थितीतल्या क्वेकर कुटुंबांतल्या मुलग्यांसाठी आणि मुलींसाठी निवासी शाळा सुरू केली. मुलींना पहिल्या दिवसापासून घेतलं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. पण सुरुवातीच्या कित्येक दशकांत सुट्टीत घरी जायची पद्धतच नव्हती. नऊ वर्षांचं पोर आलं की आईवडिलांचं तोंड वर्षानुवर्षं दिसत नसे. या शाळांबद्दल लिहिणारे हे सांगायला विसरतात. अमेरिकेतल्या क्वेकरांनी १७९९ साली पेनसिल्व्हेनियात वेस्टटाउन इथे शाळा काढली ती अ‍ॅकवर्थ डोळ्यांपुढे ठेवूनच. अमेरिकेतल्या कीटकशास्त्राचा पाया घालणारा टॉमस से तिथे शिकला.

सगळ्याच क्वेकर शाळा अशा होत्या असंही नाही. ढगांना क्युम्युलस, स्ट्रॅटस, सिरस ही नावं देणारा ल्यूक हॉवर्ड बर्फर्डच्या क्वेकर शाळेत शिकला. तिथे लॅटिन व्याकरण फार आणि बाकी सगळं फार थोडं शिकवलं, अशी त्याची तक्रार होती. तो दहा वर्षांचा असताना, १७८३ साली, आइसलंडमधल्या लाकी ज्वालामुखीच्या धुरानं युरोपचं आकाश महिनोन्‌महिने धूसर झालं होतं. त्याच उन्हाळ्यात एक प्रचंड उल्का इंग्लंडवरून गेली. वर्गात लॅटिन आणि खिडकीबाहेर असलं आकाश! पुढे १८०२ साली ढगांचं वर्गीकरण मांडताना त्याला ते लॅटिनच कामी आलं, हा भाग वेगळा.

निरीक्षणाची ही सवय शाळेच्या वेळापत्रकात नीट बसवली ती यॉर्कच्या मुलग्यांच्या शाळेनं. ही शाळा १८२३ साली निघाली आणि पुढे जागेवरून बूदम या नावानं ओळखली जाऊ लागली. तिथे १८३४ साली निसर्गमंडळ सुरू झालं. वर्षअखेरीला प्रदर्शन भरे. त्यात मुलांनी गोळा केलेले नमुने असत आणि त्यांच्या निसर्गवह्याही असत. कोणता पक्षी कोणत्या दिवशी पहिल्यांदा दिसला, कोणतं फूल कधी उमललं, हे मुलानं स्वतः पाहून तारखेसह लिहायचं. पुढे शाळेत दुर्बिणीची वेधशाळाही झाली. याची एक वाईट बाजू अशी की पक्ष्यांची अंडी आणि फुलपाखरं यांचे ढीग जमवले गेले. आज त्यातल्या बऱ्याच गोष्टी गुन्ह्यात मोडतील.

या शाळेत १८९४ ते १८९८ या वर्षांत लुइस फ्राय रिचर्डसन शिकला. विज्ञान शिकवायला जे. एडमंड क्लार्क होते. ऋतूंप्रमाणे झाडं आणि प्राणी कसे बदलतात याच्या देशभरातल्या नोंदी जमवण्याच्या कामात पुढे त्यांचं नाव झालं. शाळेतून आपण काय घेऊन बाहेर पडलो ते रिचर्डसननं मोठेपणी सांगितलं आहे. एक म्हणजे विज्ञानातल्या अद्भुताची चुणूक, आणि दुसरं, विज्ञानानं नीतीच्या आज्ञेत राहिलं पाहिजे ही खात्री.

ही दुसरी गोष्ट त्याला महागात पडली. पहिल्या महायुद्धात त्यानं बंदूक धरायला नकार दिला. १९१६ साली तो क्वेकरांच्या रुग्णवाहिका पथकात दाखल झाला आणि फ्रान्सच्या आघाडीवर जखमींना वाहून नेऊ लागला. फावल्या वेळात, गवताच्या गंजीवर बसून, तो एक गणित सोडवत होता. हवेच्या हालचालीची समीकरणं हातानं सोडवून हवामान आधी सांगता येईल का? त्यानं २० मे १९१० या दिवसाची मापं घेतली आणि सहा तासांत दाब किती बदलेल ते काढलं. उत्तर आलं १४५ मिलिबार. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ स्थिर होता. १९१७ सालच्या लढाईत हस्तलिखित हरवलं आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं. १९२२ साली पुस्तक छापलं तेव्हा रिचर्डसननं हे साफ चुकलेलं उत्तर लपवलं नाही, सगळ्या आकडेमोडीसह छापलं. त्यामुळेच पुढच्यांना चूक कुठे झाली ते शोधता आलं. आज संगणकानं हवामानाचा अंदाज काढतात तो याच पद्धतीच्या सुधारलेल्या रूपानं. १९२० साली ब्रिटिश हवामान खातं विमानदलाच्या मंत्रालयाखाली गेलं तेव्हा त्यानं राजीनामा दिला, आणि नंतरची कित्येक वर्षं युद्धं का होतात याचं गणित मांडण्यात घालवली.

मुलींचं काय? यॉर्कमध्येच क्वेकरांची मुलींची शाळा आहे, द माउंट. १९५६ साली उत्तर आयर्लंडमधून तेरा वर्षांची एक मुलगी तिथे आली. अकराव्या वर्षी होणाऱ्या निवड परीक्षेत ती नापास झाली होती. गावातल्या शाळेत मुलग्यांना विज्ञानाच्या प्रयोगशाळेत आणि मुलींना स्वयंपाकघरात पाठवत. आईवडिलांनी भांडून तिला विज्ञानाच्या तासाला बसवलं होतं. जॉसलिन बेल हे तिचं नाव. माउंटला तिला पदार्थविज्ञान शिकवणारे चांगले शिक्षक मिळाले आणि हा विषय आपल्याला जमतो हे तिला कळलं. १९६७ साली केंब्रिजमध्ये रेडिओ दुर्बिणीच्या नोंदी तपासायचं काम तिच्याकडे होतं. रोज शंभरेक फूट कागदावर पेनानं रेघ उमटे, आणि ती सगळी डोळ्यांनी पाहावी लागे. त्यात एक बारीकशी वेडीवाकडी खूण होती, ना ताऱ्याची, ना पृथ्वीवरच्या कुठल्या खरखरीची. दुसऱ्या कुणी ती सोडून दिली असती. तिनं जुन्या कागदांत शोध घेतला, तर आकाशाच्या त्याच भागातून ती पुन्हा पुन्हा येत होती. अशा रीतीनं पहिला पल्सार सापडला. १९७४ सालचं नोबेल तिच्या मार्गदर्शकांना आणि त्यांच्या सहकाऱ्याला मिळालं, तिला नाही. बेल बर्नेल बाई क्वेकर आहेत आणि विज्ञान व क्वेकर परंपरा या दोन्हींत समजूत बदलायची तयारी ठेवावी लागते, असं त्या अनेकदा बोलल्या आहेत.

अशी नावं सांगितली की एक धोका असतो. क्वेकर शाळेतून बाहेर पडलेली बहुतेक मुलं दुकानदार, किराणावाले, बँकवाले, गृहिणी आणि मास्तर झाली. त्यांना काय मिळालं? या शाळांत रोजच्या व्यवहारात दोन गोष्टी होत्या. एक, गप्प बसणं. आठवड्यातून एकदोनदा सगळी शाळा सभागृहात बसे आणि कुणी काही बोलत नसे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना हे फार कंटाळवाणं होई, यात शंका नाही. पण कुणी भाषण देत नाही, कुणी प्रश्न विचारत नाही, असा वेळ आपल्या शाळांत मुलाच्या वाट्याला कधी येतो? दुसरी गोष्ट, सभेचं टिपण. क्वेकर सभेत मतदान होत नाही. चर्चा ऐकून चिटणीस तिथल्या तिथे टिपण लिहितो, वाचून दाखवतो आणि सगळ्यांना पटेपर्यंत त्यात दुरुस्ती होते. जे सर्वांना मान्य तेवढंच कागदावर राहतं. ज्या घरात मोठी माणसं असं वागतात, तिथल्या मुलाला निरीक्षण लिहिताना न पाहिलेलं घालू नये, हे वेगळं शिकवावं लागत नसेल.

हे सगळं इंग्लंडमधलं झालं. पण या कथेचा एक धागा आपल्या अगदी जवळ येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधले क्वेकर मिशनरी नर्मदाकाठी होशंगाबादला आले. हा भाग तेव्हा मध्य प्रांतात होता, म्हणजे नागपूर-वर्ध्याच्याच कारभारात. (२०२२पासून होशंगाबादचं नाव नर्मदापुरम झालं आहे.) गावाबाहेर रसूलिया इथे त्यांचं केंद्र होतं, ते पुढे मित्र ग्रामीण केंद्र झालं. मार्जरी साइक्स या क्वेकर शिक्षिका १९२८ साली मद्रासला आल्या, नंतर शांतिनिकेतनात गेल्या आणि १९५०च्या दशकात सेवाग्रामला नई तालीमचे शिक्षक घडवत होत्या. पुढे काही काळ त्या रसूलियालाही होत्या.

१९७२ साली या केंद्रानं आणि अनिल सद्गोपाल यांच्या किशोर भारती या संस्थेनं मिळून मध्य प्रदेश सरकारची परवानगी घेतली आणि होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ सरकारी माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, विज्ञान नव्या पद्धतीनं शिकवायला सुरुवात केली. हाच तो होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. यातली मुलं क्वेकर नव्हती, शिक्षक क्वेकर नव्हते, आणि धर्माचा तर त्यात संबंधच नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक गावोगावच्या मास्तरांबरोबर बसून प्रयोग करून बघत, धडे दुरुस्त करत. तेव्हा याला क्वेकर शाळा म्हणणं चूक होईल. पण तिथली 'बाल वैज्ञानिक' ही पुस्तकं उघडली की बूदमची निसर्गवही आठवते. पुस्तकात प्रश्न आहेत, उत्तरं नाहीत. चार-चार मुलांच्या टोळ्या प्रयोग करतात, शेताशिवारात हिंडतात आणि जे दिसलं ते आपल्या शब्दांत वहीत लिहितात. परीक्षेला पुस्तक आणि वही जवळ ठेवायची मुभा होती. मनात आलेला प्रश्न पत्रानं 'सवालीराम'ला विचारायचा. सवालीराम नावाचा कुणी माणूस नव्हता, पण उत्तर मात्र येई.

१९७८ साली हा कार्यक्रम सगळ्या जिल्ह्यात पसरला. त्याच वर्षी पुण्यातल्या टेल्कोतले एक तरुण अभियंते रजा घेऊन तिथे गेले. आठवडी बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीतल्या काड्या जोडून त्यांनी भूमितीचे आकार बनवले. ते अरविंद गुप्ता. त्या काड्यांच्या आकृत्या महाराष्ट्रातल्या कितीतरी वर्गांत आपण करून घेतल्या आहेत. त्यांची वाट रसूलिया आणि किशोर भारतीवरून आलेली आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

१९८२ साली हे काम पुढे नेण्यासाठी एकलव्य संस्था स्थापन झाली. कार्यक्रम सुमारे हजार शाळांपर्यंत गेला. वेगळं पुस्तक शिकलेली मुलं पुढच्या परीक्षांत मागे पडतात, अशी ओरड अधूनमधून होत होती. २००२ साली मध्य प्रदेश सरकारनं तो बंद केला. तीस वर्षं ज्या मास्तरांनी वर्गात 'मला माहीत नाही, करून बघू' असं म्हणायची सवय लावून घेतली होती, त्यांच्या हातात पुन्हा राज्याचं एकच पुस्तक आलं. 'बाल वैज्ञानिक'चे तिन्ही भाग एकलव्यकडे आजही मिळतात. हिंदी सोपी आहे, सातवीच्या मुलांना वाचता येईल.